सीसीएनएसाठी जुना राउटर घेताय? आधी हे वाचा

‘सीसीएनए करतोय, घरी लॅब लावायचीय, जुना राउटर कोणता घेऊ?’ वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत काम करताना हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. विचारणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा बी.सी.ए., बी.एस्सी. किंवा डिप्लोमा झालेली असते. कुठेतरी डेस्कटॉप सपोर्टला किंवा केबल टाकायच्या कामाला लागलेली असते. घरात या क्षेत्रातले दुसरे कोणी नसते. राउटरसाठीचे पैसे आईच्या बचत गटातून उचललेले असतात, नाहीतर दोन महिने गावाकडे पैसे न पाठवता बाजूला काढलेले असतात. प्रश्न दिसायला तांत्रिक आहे, पण तो घरखर्चाचाही आहे. म्हणून त्याचे उत्तर त्या हिशोबानेच द्यायला हवे.

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. पहिले दोन-तीन महिने काहीही विकत घेऊ नका. त्यानंतर घ्यायचेच असेल तर कमी घ्या, चौघा-पाचांत मिळून घ्या, आणि मॉडेलच्या नावापेक्षा पेटीच्या आतले सॉफ्टवेअर बघून घ्या.

परीक्षा बदलली, बाजार तोच राहिला

सिस्कोची सीसीएनए परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१ या क्रमांकाने घेतली जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिची १.१ ही आवृत्ती लागू झाली. त्याआधीच्या वेगवेगळ्या काळातल्या अभ्यासक्रमांत सिरियल लाइन, फ्रेम रिले, पीपीपी, ईआयजीआरपी असे बरेच काही करून बघावे लागे. आता ते गेले. आजच्या परीक्षेत राउटिंगचा भर स्टॅटिक राउट आणि एकाच एरियातल्या ओएसपीएफवर आहे. त्याशिवाय व्हीलॅन, ट्रंक, ईथरचॅनेल, स्पॅनिंग ट्री, एसीएल, नॅट, डीएचसीपी, एसएसएच आणि आयपीव्ही६ आहे. वायरलेस कंट्रोलर आहे. शंभरातले दहा टक्के वजन ऑटोमेशनला आहे, म्हणजे जेसॉन, रेस्ट एपीआय, अ‍ॅन्सिबल वगैरे. हा शेवटचा भाग कोणताही जुना राउटर तुम्हाला शिकवणार नाही.

जुन्या सामानाच्या बाजाराला मात्र या बदलाशी देणेघेणे नाही. ‘सीसीएनए किट’ म्हणून आजही तीन राउटर, तीन स्विच आणि निळ्या जाड सिरियल केबलींचा गुंता एकत्र विकला जातो. बघायला भारदस्त वाटतो. त्यातली सिरियल कार्डे आणि त्या केबली यांचे पैसे म्हणजे आता न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची फी आहे. विक्रेता फसवतोच असे नाही. पुष्कळदा त्यालाही अभ्यासक्रम बदलल्याचे माहीत नसते. पण किट घेणाऱ्याच्या खिशातून पैसे जायचे ते जातातच.

परीक्षेची फी ३०० डॉलर आहे, वर कर. रुपयांत हा आकडा पंचवीस हजारांच्या पुढे जातो. नापास झालात तर पाच दिवसांनी पुन्हा बसता येते, पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे. म्हणजे लॅबवर खर्च करताना फीचे पैसे आधी बाजूला काढलेले असले पाहिजेत. लॅब लागली आणि फीसाठी सहा महिने थांबावे लागले, तर तेवढ्यात शिकलेले निम्मे विसरायला होते.

पैसे न घालता किती होते?

सिस्कोच्या नेटवर्किंग अ‍ॅकॅडमीवर खाते उघडले की पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात १९४१, २९०१, २९११ हे राउटर आणि २९६०, ३५६० हे स्विच पडद्यावर मांडून जोडता येतात. बाजारात जुनी म्हणून विकली जाणारी यंत्रे पुष्कळशी हीच आहेत. वर सांगितलेल्या यादीतले जवळपास सगळे यात करून बघता येते. परीक्षेपुरते बोलायचे तर हे बहुतेकांना पुरते, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

पॅकेट ट्रेसर ही खऱ्या यंत्राची नक्कल आहे, त्यामुळे काही कमांड त्यात नसतात. ज्यांना खरे सॉफ्टवेअर हवे त्यांच्यासाठी सिस्कोच्याच मॉडेलिंग लॅब्जची पाच यंत्रांपर्यंतची फुकट आवृत्ती आहे. तिला बऱ्यापैकी रॅम असलेला संगणक लागतो.

इथे एक गोष्ट ठामपणे. घरात लॅपटॉप नसेल तर राउटरचा विचारही करू नका. राउटरला स्वतःचा पडदा नसतो, कळफलक नसतो. लॅपटॉप नसताना तो कोनाड्यात ठेवलेला लोखंडी डबा आहे. असतील ते सगळे पैसे जुन्या पण धड चालणाऱ्या लॅपटॉपवर घाला. ८ जीबी रॅम असेल तर उत्तम.

मग खरा राउटर हवाच कशाला? आमच्या मते एकाच कारणासाठी, हात सरावण्यासाठी. ज्यांच्या घरात, नात्यात, कॉलेजच्या मित्रांत कोणी ना कोणी आयटीत आहे, त्यांनी सर्व्हर रूम आतून पाहिलेली असते, कन्सोल केबल हाताळलेली असते. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. ते मार्कशीटवर दिसत नाही, मुलाखतीत मात्र लगेच दिसते. ‘राउटर कन्सोल केलाय का?’ या प्रश्नाला पॅकेट ट्रेसरवरचे ‘हो’ आणि खऱ्या यंत्रावरचे ‘हो’ यांत फरक असतो. केबल सैल आहे, ड्रायव्हर बसत नाही, पंखा घरघरतोय, पासवर्ड कोणालाच माहीत नाही, अशा अडचणींतून जो गेला आहे तो कामाच्या पहिल्या दिवशी यंत्राला घाबरत नाही. एवढ्यासाठी एक-दोन यंत्रे पुरतात.

कोणता घ्यायचा, कोणता सोडायचा

सर्वांत स्वस्त मिळतात ते २५०० आणि २६०० मालिकेतले राउटर. ते घेऊ नका, कोणी फुकट दिले तरी जागेचा विचार करा. २५०० ला आजची नेटवर्क केबल सरळ बसतसुद्धा नाही, मध्ये वेगळा जोड लागतो. १७२१ दिसायला सुटसुटीत आहे, पण त्याला फास्ट इथरनेटचा एकच पोर्ट असतो आणि वीज बाहेरच्या अ‍ॅडॉप्टरवर चालते. जुन्या बाजारात नेमका तो अ‍ॅडॉप्टर हरवलेला असतो.

त्यानंतरची पिढी १८४१, २८०१ आणि २८११ यांची. तिघांनाही दोन फास्ट इथरनेट पोर्ट आहेत. सीसीएनएच्या राउटिंगसाठी ही मंडळी अजून कामाची आहेत. यांत आमची पसंती १८४१ ला. तो टेबलावर मावतो आणि त्यातल्या त्यात शांत आहे. २८११ रॅकमध्ये बसवायचा राउटर आहे. त्याचा आवाज काय असतो हे ज्याने खोलीत ऐकले आहे त्यालाच कळेल. दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे एकीकडे लहान भावंडे झोपली आहेत, तिथे रात्री अकराला २८११ चालू करून बघा. घरचे दुसऱ्या दिवशी तो भंगारात देतील आणि त्यांचे चुकणार नाही.

पैसे थोडे जास्त असतील तर १९२१, १९४१ किंवा २९०१ घ्या. यांचे पोर्ट गिगाबिट आहेत आणि सॉफ्टवेअर १५ व्या आवृत्तीचे आहे. १९४१ आणि २९०१ ला साध्या मिनी यूएसबी केबलनेही कन्सोल करता येते. सिस्कोने या पिढीची विक्री डिसेंबर २०१७ मध्ये थांबवली आणि २०२२ च्या अखेरीस आधारही बंद केला. कार्यालयांनी ती काढून टाकली ती यामुळे, आणि म्हणून ती बाजारात आली आहे. शिकण्यासाठी यात काही वाईट नाही. पण सुरक्षेची दुरुस्ती मिळत नसल्याने असा राउटर घरच्या इंटरनेटच्या वाटेवर बसवू नका. लॅब वेगळी ठेवा.

या पिढीत विक्रेते ‘सिक्युरिटी लायसन्स आहे’ म्हणून दर वाढवतात. सीसीएनएला त्याची गरज नाही. ओएसपीएफ, नॅट, एसीएल हे मूळ आयपी बेसमध्ये मिळते. आयपीसेक व्हीपीएन परीक्षेत समजावून सांगण्यापुरता आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे, ज्याकडे बहुतेक जण बघत नाहीत. १८४१ आणि २८०० मालिकेत एकाच मॉडेलचे दोन राउटर बाहेरून सारखे दिसतात, पण आतली आयओएसची फाइल वेगळी असली की त्यांची किंमतही वेगळी धरायला हवी. फाइलच्या नावात ‘के-नाइन’ ही अक्षरे नसतील तर तो राउटर एसएसएच करणार नाही, आणि एसएसएच परीक्षेत आहे. नुसते ‘आयपी बेस’ असेल आणि आवृत्ती १२.४ असेल, तर आयपीव्ही६ मिळणार नाही. नावात ‘अ‍ॅडव्हान्स्ड आयपी सर्व्हिसेस’ किंवा ‘अ‍ॅडव्हान्स्ड एंटरप्राइझ’ यांची लघुरूपे आणि पुढे के-नाइन असेल तर निर्धास्त घ्या. त्याला पेलेल इतकी मेमरीही हवी. १८४१ मध्ये ६४ एमबी फ्लॅश आणि २५६ एमबी रॅम असेल तर चिंता नाही.

‘फाइल नंतर टाकून घे, नेटवर मिळते’ असे विक्रेता म्हणेल. सिस्कोकडून ती अधिकृतपणे घ्यायला कंपनीशी सेवा करार लागतो, जो तुमच्याकडे नसणार. चोरीच्या साइटवरून उतरवणे बेकायदा आहे, आणि फाइलमध्ये कोणी काय घातले आहे हे कळायला मार्ग नाही. म्हणून जी फाइल आत आहे तीच तुमची, असे धरून सौदा करा.

स्विचबाबत थोडक्यात. २९५० सोडा, २९६० घ्या. मॉडेल क्रमांकाच्या शेवटी ‘एल’ असेल तर लॅन बेस, ‘एस’ असेल तर लॅन लाइट. लाइटमध्ये सोयी कमी आहेत, एल बघून घ्या. आठ पोर्टच्या छोट्या २९६० ला पंखाच नसतो. लहान घरासाठी ती सोय मोठी आहे. गटात घेत असाल तर एक ३५६० जरूर असू द्या. व्हीलॅनमधले राउटिंग स्विचवरच कसे होते ते त्यावर बघता येते. मात्र ३५६० मध्ये शेवटी ‘एस’ असणे चालते, तिथे त्या अक्षराचा अर्थ वेगळा आहे. हा घोळ आम्ही नव्हे, सिस्कोने घातला आहे.

दुकानात उभे राहून

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली, बाहेर दिल्लीचे नेहरू प्लेस आणि बंगळुरूचा एसपी रोड, ही या मालाची ठिकाणे. ऑनलाइनही मिळतो, पण पहिली खरेदी तरी प्रत्यक्ष जाऊन करा आणि दोघे-तिघे मिळून जा. मुलींना अशा दुकानांत ‘कोणासाठी घेताय?’ असे विचारले जाते. स्वतःसाठी, असे सांगायचे आणि पुढचा प्रश्न आपण विचारायचा.

सोबत लॅपटॉप, कन्सोल केबल आणि यूएसबी-सिरियल जोड न्या. हा जोड सर्वांत स्वस्तातला घेऊ नका. त्यात नकली चिप असली तर विंडोजचा ड्रायव्हर तिला नाकारतो, आणि तुम्हाला वाटते राउटर बिघडला. पुट्टी उघडून वेग ९६०० ठेवा आणि राउटर चालू करायला सांगा. अक्षरे पडद्यावर धावू लागली की अर्धी परीक्षा पास. शेवटी नुसते ‘रॉममॉन’ दिसून थांबला, तर बहुधा आत आयओएस नाही. कित्येकदा मागचे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डच काढून वेगळे विकलेले असते. त्या राउटरचा सौदा करू नका.

आत शिरता आले की ‘शो व्हर्जन’ द्या. फाइलचे नाव, आवृत्ती, रॅम, फ्लॅश हे सगळे त्या एका पानावर येते. शेवटच्या ओळीत कॉन्फिगरेशन रजिस्टर ०एक्स२१४२ दिसले तर कोणीतरी पासवर्ड काढून तसेच सोडून दिले आहे. बिघाड नाही, पण ०एक्स२१०२ केल्याशिवाय तुमचे काम प्रत्येक वेळी पुसले गेल्यासारखे वाटेल. मग ‘शो इन्व्हेंटरी’ देऊन तिथला अनुक्रमांक पेटीवरच्या चिकटपट्टीशी ताडून बघा. जुळत नसेल तर उठा. नकली सिस्को हा काही कल्पनेतला विषय नाही. एफ-सिक्युअर या कंपनीने जुलै २०२० मध्ये बनावट २९६०-एक्स स्विच उघडून त्यांचा सविस्तर अहवाल दिला होता. चोरीचा मालही या बाजारात फिरतो. पावती घ्या, तिच्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्या. पावती देत नसेल तर दर कितीही कमी असो, नको. आपल्या पोरांना चौकीवर काय वागणूक मिळते हे वेगळे सांगायला नको. कागद हातात असलेला बरा.

प्रत्येक पोर्टला केबल लावून दिवा लागतो का बघा. जुन्या फास्ट इथरनेटचे दोन राउटर एकमेकांना थेट जोडायचे असतील तर क्रॉसओव्हर केबल लागते. साध्या केबलने दिवा लागला नाही म्हणून पोर्ट मेला असे समजू नका. वीजजोड साध्या संगणकाच्या केबलचा असावा. हात लावून बघा, पंखा फिरतो का, जळका वास येतो का. पाच मिनिटे चालू ठेवूनच पैसे मोजा.

पासवर्ड असलेला राउटर स्वस्तात मिळत असेल तर आम्ही म्हणू, घ्या. पासवर्ड काढणे हाच पहिला धडा होतो. चालू केल्यावर पहिल्या मिनिटात ब्रेक द्यायचा. लॅपटॉपला ती कळ नसते, पण पुट्टीच्या मेनूत ब्रेक असतो. रॉममॉनमध्ये रजिस्टर ०एक्स२१४२ करायचे, रीसेट करायचे, आत जाऊन नवा पासवर्ड ठेवायचा आणि रजिस्टर परत जाग्यावर आणायचे. स्विचला मात्र समोरचे मोड बटण दाबून धरत चालू करावे लागते.

हे करताना आधीच्या मालकाचे कॉन्फिगरेशन समोर येऊ शकते. एखाद्या बँकेच्या शाखेचे, कारखान्याचे, रुग्णालयाचे पत्ते आणि पासवर्ड त्यात असू शकतात. ते वाचत बसायचे नाही, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे तर नाहीच. ‘इरेज स्टार्टअप-कॉन्फिग’ देऊन पुसून टाका. स्विचवर व्हीलॅनची फाइल वेगळी असते, ‘व्हीलॅन डॉट डॅट’, तीही काढा. नाहीतर सगळे पुसले तरी जुने व्हीलॅन तसेच दिसत राहतात आणि पोरे दोन दिवस डोके खाजवत बसतात.

एकट्याने की गटाने

एकट्यासाठी एक १८४१ किंवा १९४१, एक २९६० आणि एक चांगली कन्सोल केबल, इतकेच पुरे. बाकीचे पॅकेट ट्रेसरवर. पाच जण असाल तर तीन राउटर, दोन २९६० आणि एक ३५६०. तिसरा राउटर चैनीसाठी नाही. एका स्विचवर तीन राउटर असले तरच ओएसपीएफमध्ये डीआर, बीडीआर आणि उरलेला कोण हे डोळ्यांनी दिसते. केबल उपटली की निवड पुन्हा कशी होते तेही कळते.

विजेचा हिशोब करून ठेवा, कारण विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या सभागृहात लॅब लावली तर कमिटी पहिला प्रश्न हाच विचारते. राउटर सरासरी पन्नास वॅटचा आणि स्विच तीस वॅटचा धरला, तर वरच्या सहा यंत्रांचे होतात २४० वॅट. रोज तीन तास, महिन्यातले पंचवीस दिवस म्हणजे अठरा युनिट. हा कागद घेऊन कमिटीसमोर बसा आणि ते बिल गटाने भरायचे ठरवा. कुलूप असलेले लोखंडी कपाट मिळाले तर यंत्रे तिथेच राहतील, रोज ने-आण नको. ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नका.

वाटणी पहिल्याच दिवशी वहीत लिहा. कोणी किती पैसे घातले, परीक्षा झाल्यावर यंत्रे कोणाकडे जाणार, मध्येच कोणी सोडले तर त्याला किती परत. मैत्रीत हे विचारायला संकोच वाटतो, पण असे गट फुटतात ते बहुधा याच कारणाने, ओएसपीएफ अवघड गेले म्हणून नाही. वेळापत्रक करताना रात्रपाळीवाल्याची आणि ज्या मुलीला संध्याकाळी सातनंतर थांबता येत नाही तिची वेळ आधी ठरवा, मग बाकीच्यांची.

परीक्षा झाली की यंत्रे पुढच्या गटाला द्या किंवा विका, पुन्हा एकदा पुसूनच. या मॉडेलांचे दर आता फार उतरायचे राहिलेले नाहीत, त्यामुळे घातलेल्या पैशांतला बराच भाग परत येतो. जे बंद पडले ते भंगारवाल्याला देऊ नका. तिथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि तो धूर वस्तीतच राहतो. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची नावे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळतात.